रानझाडांचे बी गोळा करताना या चुका टाळा

पावसाळा तोंडावर आला, की बेळगाव, खानापूर आणि पलीकडे चंदगडपर्यंत रानझाडांचे बी गोळा करणाऱ्यांची लगबग सुरू होते. कोणाला गावच्या गायरानात झाडे लावायची असतात, कोणाला उजाड झालेली देवराई पुन्हा उभी करायची असते, तर कोणाला महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी रोपांची वाढ मोजायची असते. हेतू चांगले असतात आणि चुका ठरलेल्या असतात. त्याच त्या चुका दर वर्षी नव्या माणसांच्या हातून होताना पाहून मला आता कंटाळा आला आहे, म्हणून त्या एकदा लिहून ठेवतो.

मूळ गोंधळ असा, की रोपांची संख्या म्हणजेच विविधता असे बहुतेकांना वाटते. पंचवीस जातींची झाडे लावली असे अभिमानाने सांगणारे लोक जातींची विविधता सांगत असतात. मी बोलतो आहे ती एकाच जातीच्या झाडाझाडांमधल्या फरकाविषयी. एक हिरडा उशिरा फुलतो, दुसरा कोरड जास्त सोसतो, तिसऱ्याच्या पानांना कीड कमी लागते. हा फरक पुष्कळसा जनुकांतून येतो, आणि रानातली झाडांची वस्ती बदलत्या पावसात, नव्या रोगांत तग धरते ती या फरकाच्या जोरावर. हा फरक डोळ्यांनी मोजता येत नाही, त्यामुळे तो हरवला तरी रोपवाटिकेत कोणालाही चुकल्यासारखे वाटत नाही.

एकाच झाडाखाली पाट्या भरणे

सर्वांत जास्त नुकसान या एका सवयीने होते, म्हणून तिच्यावर सविस्तर लिहितो. खानापूर तालुक्यातल्या एका संस्थेने ओसाड टेकडीवर जांभळाची लागवड करायचे ठरवले होते आणि रोपे बघायला मला बोलावले होते. रोपे सुरेख होती. तांबूस कोवळी पालवी, पिशव्या ओळीने मांडलेल्या, प्रत्येक ओळीला 'स्थानिक बियाणे' अशी पाटी. मी नोंदवही मागितली. मातृवृक्ष क्रमांकाच्या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत 1 हाच आकडा होता, आणि कंटाळून पुढे पुढे तर नुसत्या वरच्यासारख्याच्या खुणा केल्या होत्या. बी आणणाऱ्या म्हाताऱ्या मामांना विचारले, तर त्यांनी रस्त्याकडेच्या देवळामागचे एक डेरेदार झाड दाखवले. "बाकीच्या झाडांस्नी रानात हिंडाय लागतंय ओ सर," ते म्हणाले, "हितं एका सकाळी चार पाट्या भरत्यात. आणि फळ कसं गोड हाय बघा की." मामांचा यात काही दोष नव्हता; त्यांना किलोमागे पैसे मिळत होते आणि झाडे मोजून आणा असे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

गंमत इथे संपली नाही. जांभळाच्या एका बीतून पुष्कळदा दोन-तीन कोंब येतात. त्यांतला एखादा परागणातून तयार झालेला असतो आणि बाकीचे बरेचदा आईच्याच पेशींपासून उठलेले, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल असतात. संस्थेतल्या उत्साही मंडळींनी हे कोंब हलक्या हाताने सुटे करून वेगवेगळ्या पिशव्यांत लावले होते आणि एका बियाण्यात तिप्पट रोपे निघाली म्हणून ते खूश होते. कागदावर आकडा फुगला होता. टेकडीवर मात्र एक आई, तिच्या कित्येक नकला आणि तिची वेगवेगळ्या बापांची लेकरे एवढेच जाणार होते.

याचा हिशोब सरळ आहे. एका झाडाच्या बियांपासून हजार रोपे केली, आणि प्रत्येक बीचा बाप वेगळा होता असे उदार मनाने धरले, तरी जनुकीय दृष्टीने ती हजार रोपे एकमेकांशी नाते नसलेल्या केवळ 4 झाडांइतकी भरतात, कारण प्रत्येकात अर्धा वाटा त्याच आईचा असतो. नकला मिसळल्या की हा आकडा आणखी खाली येतो. पुढे ही भावंडे आपसांत फुलली, तर सावत्र भावंडांच्या संकरातून आलेल्या बियांमध्ये अंतःप्रजननाचे प्रमाण, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, 12.5 टक्के भरते. पोचट बिया, मरतुकडी रोपे, कमी फळधारणा हे त्याचे नेहमीचे परिणाम. अशा टेकडीवर पहिली काही वर्षे सगळे झकास दिसते आणि छायाचित्रे छान येतात, म्हणून तर ही चूक मरत नाही. त्या टेकडीवर पुढे एका पावसाळ्यात पानांवर गाठी आणणारी कीड पडली, तेव्हा ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी पडली. खालच्या ओढ्याकाठच्या रानजांभळांत मात्र काही झाडे गाठींनी भरलेली आणि शेजारची जवळपास कोरी होती.

आता माझी सवय सांगतो. नेहमी आढळणाऱ्या जातीचे बी मी किमान 30 झाडांवरून घेतो आणि दोन झाडांत शंभरएक पावलांचे अंतर ठेवतो, कारण बी बहुधा आईच्या आसपास पडते आणि शेजारची झाडे नात्यातली निघतात. 30 हा आकडा हवेतून आलेला नाही : वस्तीत 5 टक्के प्रमाणात असलेले जनुकाचे एखादे वेगळे रूप नमुन्यात येण्याची 95 टक्के खात्री हवी असेल, तर त्या जनुकाच्या सुमारे 59 प्रती तपासाव्या लागतात, आणि दर झाडात दोन प्रती असतात. प्रत्येक झाडाचे बी वेगळ्या कापडी पिशवीत ठेवतो आणि शेवटी सर्वांकडून सारखीच रोपे लागवडीला घेतो. एका झाडाची चारशे आणि दुसऱ्याची चार अशी भेसळ केली, की तीस मातृवृक्षांची मेहनत पाण्यात जाते. उलट सर्वांचा वाटा सारखा ठेवला, तर वस्तीचा परिणामकारक आकार, म्हणजे जनुकीय हिशोबात ती जितक्या झाडांची भरते तो आकडा, जवळजवळ दुप्पट धरता येतो. कोणत्याही झाडाच्या एक पंचमांशाहून जास्त फळांना मी हात लावत नाही. उरलेली धनेशाची, माकडांची आणि त्या झाडाची असतात.

आणखी एक गोष्ट. शेताच्या मधोमध एकटेच उभे असलेले झाड फळांनी लगडलेले असले, तरी मी ते सोडून देतो. जवळपास त्याच जातीची फुललेली झाडे नसतील, तर त्याच्या बियांत स्वतःच्याच परागाने झालेल्या बिया जास्त असण्याचा संभव असतो. ज्या वर्षी रानात मोजक्याच झाडांना फळ धरते, त्या वर्षीही शक्यतो बी घेऊ नये, थांबावे. थांबणे नवख्यांना जमत नाही, कारण अनुदानाचे वर्ष मार्चअखेरीस संपते.

पिशवीतली वाढ बघून झाडाचे कुळ ठरवणे

दुसरी आवडती चूक सुशिक्षितांची आहे. एका महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने हिरड्याच्या रोपांची तुलना केली होती, एक गट खानापूरच्या रानातल्या बियांचा आणि दुसरा गोकाककडच्या कोरड्या माळावरच्या बियांचा. उंचीचे तक्ते व्यवस्थित होते, दर महिन्याला मोजणी होती, आलेख रंगीत होता आणि निष्कर्ष असा होता, की खानापूरचा हिरडा जनुकीयदृष्ट्या जोमदार आहे. मी रोपे दाखव म्हणालो. खानापूरची रोपे शेडनेटखाली, कूपनलिकेच्या नळाजवळ, गांडूळखत घातलेल्या मातीत होती. गोकाकची रोपे जागा नव्हती म्हणून गच्चीवर, सिमेंटच्या तापलेल्या फरशीवर होती. "सर, पण फरक स्पष्ट दिसतोय की," तो म्हणाला. फरक दिसत होता हे खरेच आहे. तो नळाचा होता.

ही बाब काही नवी नाही. स्वीडनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ गोते तुरेसोन यांनी वेगवेगळ्या ठिकाणची झाडे एकाच बागेत लावून, कोणता फरक मातीचा आणि कोणता वंशाचा हे तपासले आणि 1922 साली परिसरानुरूप वाणांची कल्पना मांडली. पुढे कॅलिफोर्नियात क्लॉसेन, केक आणि हिसी यांनी एकाच रोपाचे तुकडे करून ते समुद्रसपाटीजवळ, सुमारे 1,400 मीटरवर आणि सुमारे 3,050 मीटरवर अशा तीन बागांत लावले. तुकडे एकाच रोपाचे, म्हणजे जनुके तीच; तरी उंची, फुलण्याचा काळ आणि जगणेसुद्धा जागेप्रमाणे बदलले. त्याच वेळी एकाच बागेत शेजारी लावलेली वेगवेगळ्या ठिकाणची रोपे एकसारखी झाली नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, म्हणून एकट्या उंचीवरून कुळ काढता येत नाही. 1940 च्या दशकात हे छापून आले आहे आणि आपल्याकडे अजूनही गच्चीवरची रोपे शेडनेटखालच्या रोपांशी ताडली जातात.

उपाय खर्चाचा नाही. सगळे बी एकाच गादीवाफ्यात, एकाच मातीत लावा आणि दोन्ही ठिकाणची रोपे मिसळून, चिठ्ठ्या टाकून मांडा. एका ओळीत खानापूर आणि दुसऱ्या ओळीत गोकाक असे करू नका, कारण कडेच्या ओळीला ऊन वेगळे लागते. महिन्यातून एकदा पिशव्यांच्या जागा बदला. उंचीबरोबर मातीलगत खोडाची जाडी मोजा. सावलीतले रोप उंच आणि किरकोळ होते, आणि नुसती उंची मोजणारा माणूस त्यालाच बक्षीस देतो. शिवाय पहिल्या वर्षाच्या वाढीत बीच्या आकाराचा मोठा हात असतो. मोठ्या बीत साठा जास्त, म्हणून रोप सुरुवातीला थोराड होते, आणि बीचा आकार ठरतो तो त्या वर्षी आईला मिळालेल्या पाण्यावर आणि अन्नावरही. म्हणून पेरण्यापूर्वी बियांचे वजन करून ठेवावे आणि पहिल्या पावसाळ्यात कोणत्याही वाणाला जोमदार म्हणू नये. निदान तीन पावसाळे गेल्याशिवाय मी तरी असा कागद वाचत नाही.

याच घाईचे दुसरे रूप म्हणजे मागे राहिलेली रोपे उपटून फेकणे. हिरड्याचे बी कठीण कवचाचे असते, काही बिया लवकर रुजतात आणि काही महिना-दोन महिने घेतात. महिनाभरात जे उगवले ते ठेवायचे आणि वाफा मोडायचा ही पद्धत सर्रास आहे. रानात उशिरा रुजणे हा दोष नसतो. पहिल्या सरीनंतर उघडीप पडली, की आधी उगवलेली रोपे करपतात आणि मागाहून येणारी वाचतात. वाफा लवकर मोडणारा माणूस नकळत पिशवीत आणि रोजच्या पाण्यावर चालणारी झाडे निवडतो आणि मग ती माळावर मरतात म्हणून पावसाला दोष देतो.

गावाबाहेरचे बी, गावातले म्हणून लावणे

आपल्या एका जिल्ह्यात पावसाचे प्रमाण किती बदलते याचा लोकांना विसर पडतो. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, सह्याद्रीचा धो धो पाऊस पडतो. बेळगाव शहरात त्यापेक्षा पुष्कळ कमी. आणि अथणीकडे गेले, की दुष्काळी पट्टा लागतो. या उतारावर एकच जात सगळीकडे दिसत असली, तरी ती सगळीकडे सारखी असेल असे धरू नये. कणकुंबीचे बी अथणीला आणि अथणीचे कणकुंबीला नेऊन लावणारे वाहनाच्या सोयीने विचार करतात. मी पाऊस आणि माती सारखी असलेल्या टापूतून बी घेतो. अंतर थोडे जास्त झाले तरी चालते. याचा उलटा अतिरेकही पाहिला आहे : देवराईत चारच झाडे उरली आहेत आणि शुद्धतेच्या हट्टाने त्याच चारांचे बी वापरायचे. परिणामकारक संख्या 10 वर आली, तर विविधतेतला सुमारे 5 टक्के भाग दर पिढीला गळतो, आणि 50 असली तर 1 टक्का. चार झाडांच्या देवराईला शेजारच्या सारख्याच रानातले बी आणून मिसळणे हाच इलाज आहे.

देवराईबद्दलच सांगायचे, तर मोठी झाडे जिवंत आहेत म्हणजे सगळे ठीक आहे असे समजू नका. ती झाडे रान सलग होते तेव्हा रुजलेली असतात आणि त्या काळची विविधता अंगात बाळगून असतात. तुकडे पडल्यावर काय झाले, हे त्यांच्याखालच्या रोपांत दिसते. डीएनएच्या अभ्यासासाठी पाने घ्यायची असतील, तर थोरल्या झाडांची आणि कोवळ्या रोपांची वेगवेगळी घ्या. खाली रोपेच नसतील, तर आधी गुरे आणि वणवा यांची चौकशी करा. तिथे डीएनएपर्यंत जायची गरज नसते.

उरलेल्या किरकोळ, पण महागात पडणाऱ्या चुका

भिरंडाची, म्हणजे कोकमाची, नर झाडे फळ देत नाहीत म्हणून तोडणे. कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. 45 माद्या आणि 5 नर अशी 50 झाडांची राई जनुकीय हिशोबात फक्त 18 झाडांची भरते, आणि तेच 25 आणि 25 असते तर पूर्ण 50 ची भरली असती.

कळकाच्या बेटातली प्रत्येक काठी वेगळे झाड म्हणून मोजणे. एक बेट हे सहसा एकच झाड असते. तोडलेल्या नरक्या नावाच्या झाडाच्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांनाही तोच नियम लागू आहे.

कारवीचे बी पुढच्या वर्षी घेऊ म्हणून टाळणे. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी टाकून मरते. पुढचे वर्ष म्हणजे आणखी सात-आठ वर्षांनी.

जांभळाचे, कोकमाचे बी धान्यासारखे उन्हात वाळवून डब्यात ठेवणे. असे बी वाळले की मेले. फळाचा गर धुऊन त्याच आठवड्यात पेरा.

काही ठिकाणी खोडाचा घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर आणि काही ठिकाणी 1.37 मीटरवर मोजणे. आपल्या वनखात्याच्या रीतीप्रमाणे 1.37 धरा, आणि धरले ते शेवटपर्यंत धरा.

डीएनएसाठी ओली पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत भरणे. जांबोटीच्या पावसात ती दुसऱ्या दिवशी काळी आणि चिकट होतात. कोवळ्या पानाचा तुकडा कागदी पाकिटात घालून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डब्यात ठेवावा, आणि पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहावे. बॉलपेनची शाई पसरलेली पाकिटे घेऊन प्रयोगशाळेत गेलेले लोक मी पाहिले आहेत. पुढचे त्यांनाच विचारा.

प्रयोगशाळेच्या अहवालात विविधतेचा आकडा मोठा आला म्हणून त्या वस्तीची झाडे वाढीला चांगली असे जाहीर करणे. अशा तपासणीत वापरल्या जाणाऱ्या डीएनएवरच्या खुणा बहुधा वाढीशी थेट संबंध नसलेल्या जागांवरच्या असतात. रीड आणि फ्रँकहॅम या संशोधकांनी 2001 साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले, की या खुणांची विविधता आणि वाढीसारख्या गुणांतली विविधता यांचा मेळ अगदी कच्चा आहे. वाढीबद्दल बोलायचे असेल, तर बाग लावावी लागते, आणि त्याला वर्षे लागतात.

शेवटी सीमेबद्दल. चंदगड महाराष्ट्रात, खानापूर कर्नाटकात, आणि चोर्ला ओलांडले की गोवा. रान मात्र सलग आहे. तरीही अहवालांत राज्यागणिक वेगवेगळ्या वस्त्या दाखवल्या जातात, कारण परवानगीचे कागद वेगवेगळ्या खात्यांचे असतात. नकाशावर वस्तीची हद्द आखताना राज्याची रेषा झाकून ठेवावी, आणि ओढा, दरी, शेतीचा सलग पट्टा किंवा मोठा रस्ता अशा प्रत्यक्ष अडथळ्यांवरून हद्द ठरवावी. कागदांची गोष्ट वेगळी. तिथे रेषा पाळावीच लागते. खानापूर तालुक्यातले भीमगड हे 2011 पासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय पानसुद्धा उचलता येत नाही. बाहेरच्या रानासाठीही वनखात्याला विचारावे, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असेल, तर तिला आधी भेटावे. दोन राज्यांत काम असेल, तर दोन अर्ज करावे लागतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या आधी येईल याचा भरवसा नसतो. जांभूळ जूनच्या तोंडावर पिकते, म्हणून माझे अर्ज होळीच्या सुमारासच गेलेले असतात.